सुरा, मेरय आणि बेल्जियमची बाटली

विहारात पंचशील म्हणताना पहिली चार शीले सावकाश होतात आणि पाचव्यापाशी येईपर्यंत मागे बसलेल्यांना घाई झालेली असते. त्या पाचव्या शीलात 'सुरा' आणि 'मेरय' असे दोन शब्द आहेत. दोहोंचा अर्थ दारूच, मग शब्द दोन कशाला, असे एकदा बालसंस्कार शिबिरात सातवीतल्या एका मुलीने मला विचारले होते. उत्तर विनयपिटकात आहे. पीठ, भात यांसारख्या धान्याच्या पदार्थांपासून, त्यात किण्व घालून करतात ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवापासून होते ती मेरय. मुरबाड-शहापूरच्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. मोहाची ती मेरय आणि बिअर ती सुरा. तथागतांच्या काळी दोन्ही होत्या, म्हणून दोन्हींची नावे घेतली.

हे सगळे आठवायला निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. थोरल्या दादाचा हा मुलगा बेल्जियममध्ये अँटवर्प शहरात नोकरीला आहे. गेल्या एप्रिलमध्ये तो भीमजयंतीला सुट्टी काढून घरी आला. १४ तारखेची मिरवणूक झाली, दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, आणि रात्री जेवणे उरकल्यावर त्याने बॅगेतून कपड्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी काच, ३३० मिलीची.

"आत्या, तू चिडू नकोस. ही दारू नाही, बिअर आहे. आणि ही भिक्खूंनी बनवलेली आहे."

"कुठल्या भिक्खूंनी?"

"तिकडच्या. ख्रिस्ती भिक्खू असतात ना, मठात राहणारे."

मी पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. कोणी काही नवीन सांगू लागला की ऐकून घ्यायचे, ही सवय लागली आहे. म्हटले, बस आणि नीट सांग. त्याने सांगितले आणि मी मागाहून थोडे वाचलेही, म्हणून इथे देते.

ट्रॅपिस्ट नावाचा ख्रिस्ती संन्याशांचा एक पंथ आहे. मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत ही त्यांची दिनचर्या. भीक मागायची नाही, आपल्या हातच्या कामावर मठ चालवायचा, असा त्यांचा जुना नियम. कोणी चीज करते, कोणी पाव, आणि बेल्जियममधले काही मठ बिअर करतात. भाच्याने आणलेली बाटली रोशफोर गावच्या मठाची होती. तिथे १५९५ सालापासून बिअर होत असल्याची नोंद आहे. मध्ये मठ मोडला, पुन्हा उभा राहिला आणि १८९९ पासून काम परत सुरू झाले. वेस्टव्लेटेरन नावाचा दुसरा एक मठ मठाच्या खर्चापुरतीच बिअर करतो. मागणी कितीही असो, वाढवत नाही. हे मला आवडले, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे मागणी असेल तर लोक डोंगर पोखरतात.

करतात कशी, तर जवस नव्हे, जव. बार्ली म्हणतात ते. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि वाळवायचे. इथपर्यंत वहिनी ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपलं नाचणीचं सत्व." अगदी बरोबर. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळाला देतात त्याच वाटेने जव जातात. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर करणारा रस आपोआप तयार होतो, म्हणून सत्व पचायला हलके आणि चवीला गोड. पुढे वाटा फुटतात. आपण सत्व शिजवून बाळाला भरवतो. तिकडे दळलेले मोड गरम पाण्यात ठेवून गोड पाणी काढतात, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात, आणि या काळ्या बिअरमध्ये जळवून काळी केलेली साखर घालतात. रोशफोरवाले थोडे धणेही टाकतात. मग निववून किण्व घालायचे. बेल्जियमचे किण्व स्वतःच केळ्याचा, लवंगेचा वास तयार करते. बाटलीत भरतानाही थोडी साखर आणि किण्व राहू देतात, त्यामुळे बंद बाटलीत पुन्हा आंबणे चालूच राहते आणि तळाला गाळ बसतो. म्हणून बाटली हलवायची नाही आणि फ्रिजमधली गारढोणही प्यायची नाही. हे सगळे तो इतक्या प्रेमाने सांगत होता की मला त्याच्या लहानपणीची पाढ्यांची वही आठवली.

मग त्याने झाकण उघडले आणि काचेच्या पेल्यात ओतली. रंग काळाच म्हणायचा, पण दिव्यासमोर धरला की चिंचेच्या कोळासारखा लाल. वर फेस, तोही पांढरा नव्हे, चहावरच्या सायीच्या रंगाचा. त्याने एक घोट घेतला आणि डोळे मिटून चव सांगू लागला. आधी मनुका आणि खजूर, मग गूळ करताना कढईच्या काठाला करपतो तो भाग, मग थोडा कडूपणा, आणि गिळल्यावर छातीत ऊब. "नुसता वास तरी घे," म्हणाला.

वास घेतला. वास घेण्याने शील मोडत नाही. आणि मला एकदम मोहाच्या झाडाखालची सकाळ आठवली.

ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. फिकट पिवळी, मांसल, रसाने भरलेली. बाया आधीच झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करून ठेवतात आणि उजाडायच्या आत टोपल्या भरतात. अंगणात वाळत घातली की फुले तपकिरी होत होत मनुकांसारखी दिसू लागतात, आणि वासही तसाच. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवर दुष्काळी दिवसांत हीच फुले उकडून खाऊन माणसे जगली आहेत. दारू हा त्या फुलांचा एक उपयोग, सगळा नव्हे.

पण सरकारला दारूच दिसली. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला आणि घरोघरी गाळायचे बंद करून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांची, कर भरलेली दारू लोकांच्या माथी मारली. आमच्या बाजूला ती उरणच्या भट्ट्यांतून यायची. तरी आदिवासी घरी गाळतच राहिले. तेव्हा १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला: फुले जवळ बाळगणे हाच गुन्हा. आपल्या झाडाखाली पडलेले फूल उचलले तर माणूस चोर. लोकांची दारू सुटावी ही काळजी त्यात नव्हती. सरकारची दारू विकली जावी, ही होती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो अजून पुस्तकात आहे आणि महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, हे हायवेच्या ढाब्यावर बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? बंदीच्या काळात चोरून गाळणे वाढले. मोह महाग पडतो म्हणून काळा गूळ आला, लवकर आंबावे म्हणून नवसागर आला, आणि ती हातभट्टी वाडीवस्तीवर आली. आमच्या घरातली गोष्ट इथून सुरू होते.

आबा भातसा धरणाच्या कामावर होते. दगड फोडायचे काम. त्या धरणाचे पाणी आज मुंबई पिते आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात, तो वेगळा विषय. शनिवारी हप्ता मिळायचा. शनिवारी संध्याकाळी आई दारात बसायची, आबांच्या चालीवरून तिला कळायचे की किती पैसे घरी येणार. आमच्या वाडीने धम्मदीक्षा घेतली होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बावीस प्रतिज्ञा आबांना तोंडपाठ होत्या. त्यातली सतरावी दारूची आहे. आबा ती मोठ्याने म्हणायचे. आणि दादाला, तेव्हा नऊ वर्षांचा असेल, शिसा देऊन ओढ्यापलीकडे पाठवायचे. पहिल्या धारेची आण, म्हणून सांगायचे. येताना त्याच्या शर्टाला वास लागायचा आणि शाळेत पोरे त्याला हसायची.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले, तेव्हा नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असे त्यांनी सांगितल्याचे सर्वांना माहीत आहे. व्याख्यानात हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. आईने ते करून पाहिले. शनिवारी ती आम्हाला लवकर जेवू घालायची आणि भाकरीचे टोपले पालथे घालून ठेवायची. पहिल्या शनिवारी आबांनी टोपले अंगणात फेकले. दुसऱ्या शनिवारी चुलत्याकडे जेवले. मग आईने वाडीतल्या चार घरी जाऊन बायांना सांगितले की तुम्ही वाढलेत तर तुमच्याशी माझे बोलणे बंद. पुढे त्याच बाया आपापल्या घरी तेच करू लागल्या. तरी दोन वर्षे लागली. मध्ये एकदा आबांनी सोडली होती, तर पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैल विकायला गेले आणि बैलाचे पैसे ठेवून आले. बैल गेला, पैसे गेले. त्यानंतर मात्र सुटली ती कायमची. आई म्हणायची, मी जिंकले असे काही नाही, माणूस थकला.

हे भाच्याला ऐकून ठाऊक आहे, पण ऐकून ठाऊक असणे वेगळे. तो म्हणाला, "आत्या, आबांची ती वेगळी होती. ते पिणं दुःखाचं होतं. तिकडे लोक असा एक पेला दोन तास घेऊन बसतात, सोबत पाव आणि चीज खातात, घरी जातात. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं."

यातले काही खरे आहे. मी ते नाकारले नाही. पण मी गणिताची शिक्षिका. बाटली उलटून पाहिली, ११.३ टक्के मद्यार्क लिहिले होते. ३३० मिलीत सुमारे ३७ मिली शुद्ध मद्यार्क. आपल्याकडची पाच टक्क्यांची मोठी ६५० मिलीची बाटली घेतली तरी ३२ ते ३३ मिलीच होतो. विलायती दारूचा ६० मिलीचा पेग म्हणजे साधारण २६ मिली. म्हणजे ही इवलीशी औषधाची बाटली जवळजवळ दीड पेगाची. "बिअर आहे, दारू नाही" हे वाक्य तिथेच संपले. भाचा हसला आणि म्हणाला, "हे तर मी कधी मांडूनच पाहिलं नव्हतं."

आणि गंमत अशी की ही कडक बिअर वाढायला तिकडचा एक दारूबंदीचाच कायदा कारण झाला. एमिल व्हान्डरव्हेल्डे हा बेल्जियमच्या कामगार पक्षाचा पुढारी पहिल्या महायुद्धानंतर मंत्री होता. खाणीतला, गिरणीतला कामगार हप्ता झाला की जिनच्या दुकानात शिरतो आणि घरी बायकापोरे उपाशी, हे त्याने पाहिले होते. त्याच्या कायद्याने १९१९ पासून पिण्याच्या दुकानांत कडक दारू पेल्याने विकायला बंदी झाली. दुकानातून घरी न्यायची तर कमीत कमी दोन लिटर घ्यायची, म्हणजे मजुराला एकरकमी परवडू नये. तो कायदा १९८३ पर्यंत टिकला. कडक दारू मिळेना, तेव्हा लोक कडक बिअरकडे वळले आणि बिअर करणाऱ्यांनी ती आणखी कडक केली. तेव्हा "त्यांची संस्कृती, आपले व्यसन" असे म्हणायला जागा नाही. तिकडच्या बायाही शनिवारी दारात बसलेल्या होत्या.

"पण एक घोट?" तो म्हणाला. "नुसती चव?"

विनयात याचीही गोष्ट आहे. सागत नावाच्या भिक्खूने आपल्या सामर्थ्याने एका विषारी नागाला नमवले. कोसंबीच्या लोकांना त्याचे फार कौतुक वाटले. काय दान द्यावे, असा विचार करून त्यांनी घरोघरी पारव्याच्या रंगावरून नाव पडलेली एक निवळ दारू तयार ठेवली. भिक्षेला आलेल्या सागताला प्रत्येक दारात थोडीथोडी पाजली. शिवी देऊन नाही, प्रेमाने आणि मानाने. तो नगराच्या वेशीत कोसळला. काल नागाशी झुंजणारा आज पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजेल का, असे तथागतांनी भिक्खूंना विचारले आणि नियम घातला: कुशाच्या टोकावर राहील तेवढीही नको. हा नियम भिक्खूंचा. आपण उपासक शील स्वतःहून घेतो, कोणी दंड करत नाही. पण सागताला पाडणारी दारू गटारातली नव्हती, उत्तम प्रतीची होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण आज आपल्या शिकलेल्या घरांत हातभट्टी येत नाही. येते ती अशीच, मानाने. कल्याण-बदलापूरच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि आतल्या खोलीत काचेचे कपाट, असे मी पाहिले आहे. पुण्यात २००९ साली दुकानातच बिअर बनवून विकायला सुरुवात झाली, आता तसली ठिकाणे जागोजागी आहेत, आणि आपली मुले तिथे साहेबांबरोबर बसतात. नाही म्हटले तर मागासलेले ठरू, ही भीती त्यांना वाटते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाच्याने हे मान्य केले. पहिल्या वर्षी ऑफिसातले सगळे पेला घेऊन उभे असत आणि तो पाण्याचा ग्लास घेऊन कोपऱ्यात. चव नंतर आवडली, आधी कोपरा नको झाला होता.

एवढे बोलणे चालले असताना दादा उठून कधी ओट्यावर गेला ते आम्हाला कळले नाही. वहिनी बोलवायला गेली, तर म्हणाला, "येतो. जरा वास जाऊ दे." मग थोड्या वेळाने, "आबांच्या अंगाला असाच यायचा. गोड." बाकी काही बोलला नाही. दादा साठी ओलांडलेला माणूस आहे, पोस्टातून निवृत्त झाला, उभ्या आयुष्यात त्याने थेंब घेतला नाही.

भाच्याने पेल्यातली उरलेली तशीच ठेवली. थोड्या वेळाने उठला, मोरीत ओतली, पेला दोनदा घासला, बाटली धुतली. मी काही बोलले नाही, वहिनीही बोलली नाही. त्याने पुढे सोडली की नाही, हे मी विचारलेले नाही. चौतिशीचा मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही सरळगावहून किन्हवलीमार्गे डोळखांबकडे गेलो. तिथल्या एका ठाकूरवाडीतली माझी जुनी विद्यार्थिनी दर वर्षी बोलावते. मोहाचे दिवस होते. तिच्या अंगणात फुले वाळत पडली होती आणि सबंध वाडीला तो वास होता. २०२१ साली राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधने उठवली, त्यामुळे आता अंगण लपवावे लागत नाही. गाळले तर मात्र अजून गुन्हा. पाचव्या शीलाचा आधार घेऊन आपल्यातले काही जण आदिवासी शेजाऱ्याला नाके मुरडतात, ते मला पटत नाही. शील आपण आपल्यासाठी घेतले आहे. तिच्या सासऱ्याच्या वेळी पोलिसांनी मडकी फोडली, फुले नेली आणि फुलांबरोबर घरातली कोंबडीही नेली.

तिने भाजलेल्या मोहफुलांचे, तीळ घालून कुटलेले लाडू पुढे केले. भाच्याने एक तोंडात टाकला आणि थांबला. "आत्या, हीच चव. मनुका, करपलेला गूळ, सगळं तेच." विनयातल्या त्याच नियमात पुढे सवलत दिलेली आहे: जे दारू नाही, पण ज्याला दारूचा रंग, वास आणि चव आहे, ते घेतले तर दोष नाही. मी त्याला ते सांगितले. त्याने आणखी दोन लाडू घेतले आणि तिला बेल्जियमच्या मठाची सगळी हकिगत सांगितली. जव, काळी साखर, मौन पाळणारे संन्यासी, सगळ्या जगात जाणाऱ्या बाटल्या.

ती फुले वरखाली करत ऐकत होती.

"आन् त्यांना पोलीस नाय धरीत?" तिने विचारले.

"नाही."

"बरंय," म्हणाली, आणि सूप घेऊन दुसऱ्या चटईकडे गेली.